रॉक्सबरा : जिंकून पाडलेला किल्ला

मंडळी, स्कॉटलंडला जाणारी आपली माणसं एडिंबराचा किल्ला बघतात आणि पुढे डोंगराळ भागाकडे वळतात. माझा आग्रह आहे, एक दिवस दक्षिणेला केल्सोसाठी ठेवा. इंग्लंडच्या सीमेजवळचं, ट्वीड नदीकाठचं हे जुनं गाव. इथेच टेव्हियट नदी ट्वीडला मिळते, आणि गावाबाहेर या दोन नद्यांच्या बेचक्यात एक लांबट, उंच टेकाड आहे. त्यावर रॉक्सबराचा किल्ला होता.

वर चढलात की दिसतात भिंतींचे काही तुकडे, गवत आणि झाडी. बुरूज नाही, दरवाजा नाही. बघणारा हिरमुसतो. पण ही पडझड ऊनपावसाने केलेली नाही. स्कॉटिश लोकांनी हा किल्ला शत्रूकडून जिंकून घेतला आणि स्वतःच पाडला, तोही दोनदा.

एके काळी हे राजाचं ठाणं होतं. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर 1241 मध्ये इथेच जन्मला. शेजारी भरभराटीचं शहर होतं, टांकसाळ होती. पण सीमेवरचा किल्ला, त्यामुळे कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. 1306 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या बहिणीला, मेरीला, याच किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडलं. खरोखरचा पिंजरा! सुमारे चार वर्षं ती त्यात होती. तिथे उभं राहिल्यावर मला लढायांच्या आधी ती बाईच आठवते.

1314 च्या फेब्रुवारीत, उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या रात्री, किल्ल्यातली इंग्रज शिबंदी मेजवानीत दंग असताना ब्रूसचा सरदार जेम्स डग्लस याची माणसं काळे झगे पांघरून रांगत तटाशी आली. पहारेकऱ्यांना वाटलं, गुरं चरताहेत. दोरांच्या शिड्या लागल्या, किल्ला पडला. ब्रूसने लगेच तो उद्ध्वस्त करायला लावला. किल्ला राखायला कायमची शिबंदी लागते, दाणागोटा लागतो. आणि तो पुन्हा इंग्रजांच्या हाती गेला, तर सगळा मुलूख त्यांच्या टाचेखाली. ब्रूसचा हिशेब मला पटतो. पुढे इंग्रजांनी ही जागा परत घेऊन किल्ला पुन्हा उभारला, यातच त्या हिशेबाचा खरेपणा दिसतो.

1460 मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याने इंग्रजांच्या ताब्यातल्या या किल्ल्याला वेढा घातला. त्याला तोफांचं विलक्षण वेड. 3 ऑगस्टला त्याच्याच बाजूची एक तोफ डागताना फुटली आणि जवळ उभा असलेला राजा जागीच ठार झाला. वय अवघं 29. त्याच्या राणीने, तिचंही नाव मेरी, वेढा उठवू दिला नाही. काही दिवसांतच किल्ला हाती आला, तिच्या लहानग्या मुलाला केल्सोच्या मठात राज्याभिषेक झाला, आणि किल्ला जमीनदोस्त झाला. ज्याच्यासाठी राजा गेला, तोच किल्ला! पुढे 1547 च्या सुमारास इंग्रजांनी त्याच जागी थोडी वर्षं मातीचा कोट उभारला होता, तेवढंच. शहर तर पार पुसलं गेलं.

जाताना चांगले बूट घाला, वाट चिखलाची असते. केल्सोच्या मठाचे अवशेषही बघा. आणि एडिंबराला परतल्यावर किल्ल्यातली मॉन्स मेग ही तोफ जवळून बघा. 1457 मध्ये ती याच दुसऱ्या जेम्स राजाला भेट मिळाली होती. लोखंडाच्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी मांडून वरून कड्या आवळलेल्या आहेत. एखादा सांधा कच्चा राहिला तर काय होत असेल, ते तिथे डोळ्यांनी कळतं.