चौदा विहिरी आणि दोन दिवसांत छापलेला पेपर

प्राध्यापकांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात जा, आठवड्याला एक तरी असा मेसेज येतोच. कॉल फॉर पेपर्स, म्हणजे आमच्या जर्नलमध्ये, संशोधनाच्या नियतकालिकात, छापायला शोधनिबंध पाठवा. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, लॉ, अप्लाइड सायन्सेस, सगळे विषय चालतील, मराठी हिंदी इंग्रजी तिन्ही भाषा चालतील, आयएसएसएन हा ओळखनंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचे संदर्भ इतर संशोधक किती देतात त्याचा आकडा) आहे, ४८ तासांत पेपर पब्लिश, प्रत्येक लेखकाला वेगळं सर्टिफिकेट. खाली क्यूआर कोड.

एकच जर्नल, त्यात पुलाच्या काँक्रीटवरचा पेपर, शेजारी ग्राहक कायद्यावरचा, त्याच्या शेजारी बँकेतल्या कर्मचाऱ्यांच्या ताणतणावावरचा आणि मग कुठल्यातरी वनस्पतीच्या अर्कावरचा. हे सगळं दोन दिवसांत कोण वाचतं? कोण तपासतं? हा व्हिडिओ त्या प्रश्नावर आहे, आणि मी तो करतेय कारण माझाही एक पेपर असाच छापून आलाय.

मी केमिस्ट्री शिकवते. २०१६ला एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर होते, म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे आणि तेही कधी येतील त्याचा भरवसा नाही, आणि सोबत पीएचडी चालू. त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नवीन नियम आले होते, त्यात थिसिस सबमिट करायच्या आधी रेफरीड, म्हणजे तज्ञांकडून पेपर तपासून घेणाऱ्या जर्नलमध्ये किमान एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन असं लिहिलेलं होतं. पर्मनंट लोकांचं वेगळंच, त्यांना २०१०पासून एपीआय, म्हणजे कामाचे पॉइंट मोजायची पद्धत, पेपरला एवढे पॉइंट, पुस्तकाला एवढे पॉइंट, ते जमले की प्रमोशनची फाइल पुढे सरकणार. स्टाफरूममध्ये त्या काळात कोणी कोणाला विचारायचं नाही की तुझ्या पेपरात नेमकं काय सापडलं. विचारायचे, किती झाले?

मग मीपण टाकला. तालुक्यातल्या चौदा विहिरींचं पाणी मी तपासलं होतं, नायट्रेटसाठी. ऊस आणि द्राक्षाचा पट्टा, युरिया भरपूर पडतो, तो पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत येतो. काम मी मनापासून केलेलं होतं हे सांगते, उन्हातान्हात स्कूटीवर बाटल्या घेऊन फिरले होते. पैसे भरायला बँकेत रांग लावली, १५०० रुपये, स्लिपचा फोटो काढून मेल केला आणि तिसऱ्या दिवशी पेपर छापून आला. एकही प्रश्न नाही, एकही दुरुस्ती नाही. मला इतका आनंद झाला होता की मी त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून त्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायतीत दिली, त्यांनी ती नोटीस बोर्डाशेजारी लावलीसुद्धा. टेबलमध्ये चौदाही विहिरींसमोर लिहिलेलं होतं, मर्यादेच्या आत.

ते लॅमिनेशन लक्षात ठेवा, आपण परत येणारोत तिथे.

आता जरा पुण्याला. जानेवारी २०१७ला यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली, हजारो नावांची. त्यातला एक मोठा हिस्सा विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा होता. यादीत आहे म्हणजे चांगलंच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि जर्नलवाल्यांनी तर कव्हरवरच छापायला सुरुवात केली, यूजीसी अप्रूव्हड.

तेव्हा पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर यांनी आणि त्यांच्या सोबतच्या काही शास्त्रज्ञांनी एक साधं पण प्रचंड चिकाटीचं काम केलं. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५६९९ जर्नल्समधून १३३६ रँडम निवडली. त्यातली ३२७ स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जगभर मानल्या जाणाऱ्या जर्नल-सूचींमध्ये आधीच होती, ती बाजूला काढली. राहिली १००९. मग एकेक जर्नल उघडून बघितलं. पत्ता आहे का, वेबसाइट चालते का, संपादक म्हणून ज्यांची नावं दिलीत त्यांची माहिती आहे का, आयएसएसएन खरा आहे का, इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा कुठून आला.

निकाल करंट सायन्स या जर्नलमध्ये मार्च २०१८ला छापून आला. १००९पैकी ३४.५ टक्के जर्नल्स पहिल्या पायरीवरच बाद, कारण पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं ही साधी माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच. आणखी ५२.३ टक्क्यांनी आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर, इंडेक्सिंग (कुठल्या सूचीत नाव आहे) अशा गोष्टींत खोटी माहिती दिलेली होती किंवा त्यांचे संपादकच त्या योग्यतेचे नव्हते. अभ्यासाचा एकूण निष्कर्ष असा की या गटातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स हलक्या दर्जाची असू शकतात.

मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं जर्नल कुठल्या टक्क्यात बसतं हे बघायला वेबसाइट उघडायला गेले. उघडलीच नाही.

आयएसएसएनचंही सांगून टाकते, कारण याच्यावर फार लोक फसतात. तो आठ आकडी नंबर फक्त नियतकालिकाची ओळख पटवायला असतो. गाडीचा नंबर बघून ड्रायव्हर कसा आहे ते कळतं का? तसंच आहे हे, नंबर असणं म्हणजे दर्जा नाही. आणि इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा जगात मानतात तो क्लॅरिव्हेट नावाची कंपनी दरवर्षी काढते, बाकी ग्लोबल, युनिव्हर्सल, इंटरनॅशनल असली विशेषणं लावून फिरणारे फॅक्टर वेगळे, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. २०१३ला सायन्स या मासिकासाठी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक बनावट पेपर तयार केला, दगडफुलासारख्या लायकेनमधून काढलेलं द्रव्य कॅन्सरच्या पेशी रोखतं असा दावा, आणि त्यात मुद्दाम अशा चुका ठेवल्या की विषयातल्या माणसाने वाचला तर पाच मिनिटांत परत पाठवेल. लेखकही खोटा, संस्थाही खोटी. ३०४ जर्नल्सना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. त्यातली सर्वात जास्त भारतातून चालणारी होती आणि हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं होतं. पुढे २०१९ला अमेरिकेच्या कोर्टाने जर्नल्स छापणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला, पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या लोकांकडून होणारी पेपरची तपासणी) आणि फी याबाबत संशोधकांची दिशाभूल केली म्हणून.

फसवणुकीच्या तऱ्हाही बदलत गेल्या. २०२१ला कबानाक, लाबे आणि मगाझिनॉव या तीन संशोधकांनी दाखवून दिलं की शेकडो पेपरांत विचित्र शब्द येतायत. आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी काउंटरफीट कॉन्शसनेस, डीप न्यूरल नेटवर्कच्या जागी प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन. कुणी तरी दुसऱ्याचा मजकूर सॉफ्टवेअरमध्ये टाकून शब्द फिरवून घेतलेत, चोरी पकडली जाऊ नये म्हणून. छापायच्या आधी एकाने जरी वाचलं असतं तरी लक्षात आलं असतं. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांवर पेपर मागे घेतले गेले, आणि त्यातले बहुतेक एकाच प्रकाशकाचे होते.

आपल्याकडे पुण्याच्या त्या अभ्यासानंतर हालचाल झाली. मे २०१८ला यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नल्स काढून टाकली. मग केअर यादी आली, म्हणजे दर्जा तपासून केलेली जर्नल्सची नवीन यादी, जून २०१९पासून, आणि तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडेच दिलं गेलं. ज्या शहरातून दोष दाखवला तिथूनच दुरुस्ती सुरू झाली ही मला तरी अभिमानाची गोष्ट वाटते. मग लोकांनी केअरमधल्या चांगल्या जर्नल्सच्या हुबेहूब नकली वेबसाइट काढल्या, नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे भलत्याच्या खात्यात. केअरवाल्यांना अशा नकली जर्नल्सचीसुद्धा वेगळी यादी करायला लागली. फेब्रुवारी २०२५ला यूजीसीने केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि सांगितलं की आता कॉलेज आणि विद्यापीठांनीच निकष लावून ठरवायचं, त्यासाठी काही मार्गदर्शक मुद्दे दिलेत. त्याआधी २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्तीही काढली होती. २०२५पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना सुरू झाली, तीन वर्षांना सुमारे ६००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांतल्या मुलांना वाचायला मिळणार. चांगलं काय ते वाचायलाच मिळत नव्हतं हा फार मोठा अडसर होता, तो थोडा तरी हलला.

पण याद्या आल्या, गेल्या, परत येतील. माझ्या मते मूळ गोष्ट यादीत नाहीच. आपण पेपर मोजायला लागलो, आणि जे मोजतात तेच पिकतं. ब्रिटनमधले अर्थतज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलनधोरणाच्या आकड्यांबद्दल साधारण हेच मांडलं होतं की मापालाच धोरणाचं लक्ष्य केलं की ते माप कामातून जातं. मॅनेजमेंटच्या पोरांना हे शिकवलं जातं आणि तीच पोरं पुढे पॉइंटसाठी पेपर टाकतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, ज्याचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे, तो क्यूआर कोड स्कॅन करणारच.

आता परत माझ्या विहिरींकडे.

काही वर्षांनी त्याच विहिरींचं पाणी परत तपासून मी दुसरा पेपर लिहिला आणि या वेळी एका नावाजलेल्या जर्नलला पाठवला. पाच महिने काहीच उत्तर नाही. मग एक मेल आला, दोन रिव्ह्यूअर्सचे शेरे, मिळून साडेतीन पानं. मी ती प्रिंट जपून ठेवलीय, हीच ती कॅमेऱ्यासमोर. पीअर रिव्ह्यू म्हणतात तो हा. आपल्याच विषयातली दोन अनोळखी माणसं, नावंसुद्धा कळत नाहीत, सहसा एक पैसा घेत नाहीत आणि आपण लिहिलेली ओळन् ओळ वाचतात. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा सातवा मुद्दा होता, तुमचे आकडे नायट्रेटचे आहेत की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे? स्टँडर्ड सोल्यूशन (मशीनचे आकडे जुळवायला वापरतात ते ठरलेल्या प्रमाणाचं द्रावण) कसं बनवलं ते लिहा.

मी लॅबची जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, पोटॅशियम नायट्रेट ०.७२१८ ग्रॅम, एक लिटरला. बघितलं आणि पोटात गोळा आला. ज्यांना केमिस्ट्री नकोशी आहे त्यांनी एवढंच समजा की या वजनाने जे द्रावण बनतं ते लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रोजनचं असतं, नायट्रेटचं नाही. म्हणजे मशीनवर वाचलेला आकडा नायट्रोजनचा, आणि मी तुलना करत होते भारतीय मानकाशी, जे नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. दोघांत ४.४३ पटीचा फरक. जिथे मी १५ लिहून मर्यादेच्या आत म्हटलं होतं तिथे खरा आकडा ६६च्या वर जातो. चौदापैकी चार विहिरी मर्यादेच्या बाहेर होत्या. पहिल्या पेपरातही हीच चूक, आणि तो तर छापूनच आला होता.

जास्त नायट्रेटचं पाणी मोठ्या माणसाला लगेच काही करत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत ते मिसळलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळसर पडतं. आणि उकळून काही होत नाही, उकळल्यावर पाणी आटतं आणि नायट्रेट जास्तच दाट होतं. आपल्या आयाबाया बाळासाठी पाणी उकळूनच घेतात ना.

मला पहिला पेपर मागे घ्यायचा होता. कोणाला लिहू? वेबसाइट बंद, मेल परत येतोय, संपादक म्हणून ज्यांचं नाव होतं ते शोधून सापडले नाहीत. पत्ता नसलेल्या जर्नल्सबद्दल मी तुम्हाला मघाशी सांगितलं ना, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आणि मधल्या काळात एका मुलाच्या प्रोजेक्टमध्ये माझ्या त्या पेपरचा संदर्भ आलेला मी बघितलाय, पाणी सुरक्षित आहे म्हणून.

दुसऱ्या पेपरात सगळे आकडे दुरुस्त केले, आधीच्या चुकीचा उल्लेख स्पष्ट लिहिला, आणि तो छापून यायची वाट न बघता पहिले त्या गावात गेले. चारही विहिरींच्या मालकांना भेटले. एका विहिरीवर आप्पा होते, सत्तरीचे, त्यांनी विचारलं, "मॅडम, मग ग्रामपंचायतीत लावलंय त्यात चांगलं पाणी म्हणून कसं?" मी सांगितलं, माझी चूक झाली आप्पा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नात बाळंतपणाला आलीये घरी, तिला सांगतो इथलं नको, पलीकडच्या आळीतलं आणा म्हणून. ते तरी बघितलंत का?" पलीकडची विहीर माझ्या चौदांत नव्हती. बाटली गाडीत होती, तिथेच उतरून पाणी भरलं.

ग्रामपंचायतीत ते लॅमिनेशन अजून तसंच होतं, कोपरे पिवळे पडलेले. ग्रामसेवकांना विचारून खाली काढलं. प्लास्टिकवर पेन चालत नव्हतं म्हणून मार्कर मागवला, १५ खोडून ६६ लिहिलं, बाकी तीन विहिरींचं पण लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि ते परत त्याच खिळ्याला लावलं. आप्पांच्या पलीकडच्या विहिरीचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला, नायट्रेट म्हणून २२. फोन करून सांगितलं.