साज परत आला

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत सराफ काटा पुसून घेतो. आज काट्यावर ठेवलेला हा साज, म्हणजे गळ्यातला कोल्हापुरी हार, मोडायला आलेला नाही, फक्त वजन करून कागदावर घ्यायचंय. जवळनं बघा, मासा, कासव, बेलपान, चंद्र, मधे लाल खडा. जुन्या पद्धतीच्या साजात अशी 21 पानं असतात. आईला भिशी लागली तेव्हा लेकीसाठी केलेला हा साज.

लग्न 14 महिने टिकलं. साज मात्र सासरच्या तिजोरीतच राहिला, लय घरात असंच होतं, दागिने सांभाळायला म्हणून सासूकडं जातात आणि मग मागायचीच चोरी.

लोकांना वाटतं घटस्फोट झाला की सगळं निम्मं-निम्मं होतं. आपल्याकडं तसा कायदा नाही. ज्याच्या नावावर त्याचं. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचं काय करायचं ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली कोर्ट ठरवू शकतं. पण बाईला मिळालेलं, माहेरचं असू दे नाहीतर सासरचं, ते स्त्रीधन, तिचं एकटीचं. 1985 साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, सांभाळायला दिलं म्हणून ते नवऱ्याचं होत नाही आणि परत दिलं नाही तर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

बिलं अर्धीच सापडली. मग मामानं हे काम काढलं, लग्नाचा अल्बम घेऊन फोटोंवर पेन्सिलनं नंबर टाकले, व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, कुठला दागिना कुणी घातला, फ्रीज कुणी दिला, कपाट कुणाचं, सगळं वहीत. ही वही बघा, तीन रात्री जागून लिहिलीय, आणि प्रत्येक मुलीच्या आईबापानं ही वही लग्नाच्या आधीच करावी असं मला मनापासनं वाटतं.

काडीमोड म्हटलं की अजून आवाज खाली जातो, आणि याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 ला काडीमोडीचा कायदा केला होता.

संमतीच्या घटस्फोटाला आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं, 2017 पासनं हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. तडजोडीत दागिने वजनासकट लिहिले आणि साज कोर्टातच हातात मिळाला.

राहिला फ्लॅट. तो नवऱ्यानं ठेवला, लेकीनं आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र करून दिलं. पण कर्ज दोघांच्या नावावर, आणि तडजोडीत काही का लिहिलेलं असेना, बँक त्याला बांधील नसते, त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही म्हणून हिचं नाव अजून तसंच आहे, त्यानं हप्ता चुकवला की हिचंही सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, पडतं.

सराफानं वजनाची चिठ्ठी दिली. आई एकेक पान बोटानं मोजतीया.