आकडा उतरेपर्यंत

१९५६. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथली राष्ट्रीय कर्करोग संस्था. वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा काही तरुण बायकांच्या फुप्फुसांपर्यंत पोचला होता. मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं आणि एक्स-रेवरच्या गाठी विरल्या. इतरांच्या लेखी उपचार संपले होते. डॉक्टर मिन चिउ ली थांबेनात. लघवीत एचसीजी हे गर्भारपणातलं संप्रेरक अजून सापडत होतं.

दिवस राहिले की वार तयार करणाऱ्या पेशी हे संप्रेरक सोडतात. त्याच्या जोरावर अंडाशय प्रोजेस्टेरॉन पुरवत राहतं, म्हणून पाळी येत नाही. १९२०च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक हे डॉक्टर दिवस राहिलेत का ते ओळखायला बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचत, मग त्यांना मारून अंडाशयं बघत. पुढे ससे आले, मग आफ्रिकी बेडूक. बेडकी निदान जगायची.

पण पोटात बाळ नसताना एचसीजी येतं कुठून? लींचा हिशोब सरळ होता: ते बनवणारी पेशी कुठेतरी उरली आहे. त्यांनी ते विषारी औषध चालूच ठेवलं. वरिष्ठांना हा रुग्णांवरचा प्रयोग वाटला, लींची नोकरी गेली. नंतर दिसलं ते असं: ज्यांचे उपचार आधी थांबले, त्यांचा कर्करोग उलटला. लींच्या रुग्ण बऱ्या राहिल्या.

आज द्राक्षगर्भ (बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी वाढलेली वार, तिच्यातून हा कर्करोग होऊ शकतो) काढल्यावर दर आठवड्याला रक्तातलं बीटा एचसीजी का तपासतात, ते इथे कळतं. आकडा उतरल्यावरही काही महिने दिवस राहू देऊ नका, असं डॉक्टर बजावतात. नव्या गर्भानेही तो चढतो, मग आजार उलटला की पाळणा हलणार, हे सांगणं अवघड. पुरुषांच्या वृषणाच्या काही कर्करोगांतही याच आकड्यावर नजर ठेवतात.

एचसीजीची ठेवण एलएच या, अंडाशयातून बीज सोडायला लावणाऱ्या संप्रेरकासारखी. त्यामुळे आयव्हीएफमध्ये हेच ‘ट्रिगर’ म्हणून टोचतात. वेळ डॉक्टर घड्याळ लावून देतात, कधी मध्यरात्रीची. साधारण ३४ ते ३६ तासांनी एग पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. उशीर झाला तर बीजं आधीच सुटून जायची.

आणि वजन उतरवायला म्हणून विकतात ते एचसीजीचं इंजेक्शन? १९५४ मध्ये डॉक्टर सिमिअन्स यांनी एचसीजीसोबत दिवसाला ५०० कॅलरींचा आहार सुचवला. पाचशे कॅलरींवर कुणीही वाळेल. त्यात इंजेक्शनचा वाटा असल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी ते आजही विकलं जातं.