गल्लीतला क्रूस

बांद्र्याच्या गावठाणात शिरलात, रनवार म्हणा, चिंबई म्हणा, की कुठल्या ना कुठल्या वळणावर एक क्रूस दिसणारच. चुना लावलेला, झेंडूचा हार घातलेला, पायाशी कालच्या मेणबत्त्यांचं मेण. ऑफिसला निघालेली मुलगी स्कूटर जरा स्लो करते, कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण, आणि गेली पुढे. तिची दिवसातली पहिली प्रार्थना झाली.

यातले काही क्रूस खूप जुने, पण बरेचसे प्लेगच्या साथीत उभे राहिलेत. सप्टेंबर १८९६, मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला, मूळचे गोव्याचे कॅथलिक डॉक्टर, वस्त्या साफ करा, उंदीर मारा म्हणून मागे लागलेले, त्यांचा पुतळा आजही धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ आहे, कधी गेलात तर दोन मिनिटं थांबा प्लीज. पुढे काय झालं ते माहितीये, माणसं मेली, लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि जे राहिले त्यांना बाजूच्या घरात कोणी खोकलं तरी धडकी भरायची.

अशा वेळी गावठाणातल्या लोकांनी गल्लीत क्रूस उभारले, नवस बोलले, संध्याकाळी तिथे जमून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना, म्हणायला लागले. देवा आम्हाला वाचव, हे तर होतंच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. रोझरीला पन्नास वेळा नमो मरिया, येशूच्या आईची प्रार्थना, म्हणायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं तरी शेजाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, आणि रोज तीच माणसं असली की आज कोण आलं नाही ते न विचारताच कळतं.

मग २०२० आलं, कोरोना आला. चर्चला कुलूप, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मोबाईलवर, कम्युनियनचा पवित्र प्रसाद नाही, आणि ज्यांनी आयुष्यात रविवार चुकवला नव्हता अशा म्हाताऱ्या आन्टी स्क्रीनसमोर डोक्यावर ओढणी घेऊन बसायच्या. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, व्हॅटिकनच्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे चालत आले, तिथे रोमच्या सान मार्चेल्लो चर्चमधला लाकडी क्रूस आणून ठेवला होता, १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून दिवसेंदिवस मिरवलेला तोच क्रूस. टीव्हीवर ते बघताना गावठाणातल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही, साथ आली की क्रूस रस्त्यावर येतो, हे त्याच्या घरात चार पिढ्या ठाऊक आहे.

मे महिना मरियेचा. आजही मे मध्ये गल्लीगल्लीत क्रूसाला रंग लागतो, पताका लागतात, घरातल्या खुर्च्या रस्त्यावर येतात. रोझरी होते, लितानी, म्हणजे एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना, होते, बेसूर का असेना पण सगळे गातात. आजाऱ्यांची नावं घेतली जातात, नोकरी गेलेल्यासाठी प्रार्थना होते, परीक्षेला बसलेल्यासाठीपण. शेवटी उकडलेले चणे वाटतात, बाजूचा दुकानदार कॅथलिक नसला तरी त्याचा वाटा ठरलेला.

आणि एक पुडी बाजूला काढून ठेवतात, वरच्या मजल्यावर जिना उतरता येत नाही अशी एक आजी आहे, पोरं धावत जाऊन तिच्या हातात देऊन येतात.