चालणं आणि पोट

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय 'परिसराची चालण्याजोगी रचना आणि लठ्ठपणा : शहर व ग्रामीण'. एवढं जड मी दिलं नव्हतं, मी फोनवर 'चालणं आणि पोट' म्हणालो होतो. असो.

नोकरीभर आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहिलो, कन्ना चौकाच्या मागं. दूध, किराणा, न्हावी, पोरांची शाळा, सगळं दोन-चार गल्ल्यांत, त्यामुळं व्यायाम हा शब्द घरात कुणी काढलाच नाही. रिटायर झालो, जुळे सोलापुरात घर बांधलं, हवा झकास, पण कोथिंबिरीच्या जुडीला स्कूटर. दोन वर्षांत अकरा किलो वाढलो. ह्यातले चार मी हिच्या शेंगाचटणीवर ढकलतो, ती मानत नाही, पुढच्याच रांगेत बसलीय.

डॉक्टर म्हणाले चाला. मग एका सकाळी मोजलंच, भाजीवाल्यापर्यंत २,१०० पावलं, त्यातली फुटपाथवर पडली १४०. बाकी ठिकाणी फुटपाथ आहे हो, पण त्यावर डीपी, फ्लेक्सचा खांब, रसवंतीचं गुऱ्हाळ, आणि एका दुकानाच्या तीन पायऱ्या, तेही ग्रॅनाइटच्या! मी पायऱ्यांवरून जायला लागलो तर मालक खुर्चीतनं म्हणतो, "काका, खाली उतरून जावा की." खाली म्हणजे डंपरखाली? आणि मे महिन्यातलं आपलं ऊन, चाळिशीच्या वर पारा, रस्त्याला झाड नाही, असं चाललं तर वजन नाही, माणूसच कमी होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, मुद्दा पटकन.

चालण्याजोगा भाग म्हणजे दाट वस्ती, घर-दुकान मिसळलेलं, गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या. माणूस कामासाठी चालतो, जॉगिंग ट्रॅक हा नंतरचा विषय. पण ही फूटपट्टी खेड्यात लागू पडत नाही. अमेरिकेत २०१६ च्या आकड्यांत लठ्ठ लोक खेड्यांत ३४.२ टक्के, शहरांत २८.७, तिथं सगळं मोटारीवर. आपल्याकडं उलटं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जास्त वजनाच्या बायका शहरांत ३३.२, खेड्यांत १९.७ टक्के. मोजपट्टी वेगळी आहे, तिथं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० पासून, इथं २५ पासून, पण दिशा बघा. आपलं खेडं सडपातळ राहिलं ते रस्त्यांमुळं नाही, शेतातल्या कष्टामुळं (आणि काही घरांत पोटभर नसल्यामुळं, तेही म्हणायला पाहिजे). आता ट्रॅक्टर आला, पोरगं बांधापर्यंत मोटरसायकलनं जातंय, तिथं फुटपाथ बांधून काय होणार? तिथला इलाज वेगळाच शोधायला लागणार.

अजून एक, चालायची आवड असलेलेच लोक तसल्या भागात घर घेतात का, हा पेच अभ्यासकांनाही पडतो. माझ्या बाबतीत मात्र माणूस तोच होता, फक्त पत्ता बदलला.

दुसरी चिठ्ठी आली. मोहोळकडच्या भावाची गोष्ट राहिलीच, ती चहाला सांगतो.