केळ एकदाच निसवते

चर्चची पहाटेची घंटा. वसईतली एक वाडी. बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावर अजून धुकं आहे. शेतकरी केळीच्या बुंध्याशी थांबतो, क्रूसाची खूण करतो आणि मग कोयता उचलतो.

बायबलात द्राक्षवेल आहे, अंजीर आहे, मोहरीचा दाणा आहे. केळ नाही. पण प्रभू येशू लोकांच्या रोजच्या पाहण्यातलं दाखवूनच बोलायचा, आणि आमच्या रोजच्या पाहण्यात आहे ती ही केळ.

हे खोड नीट बघा. आपण खोड म्हणतो, पण ही एकावर एक घट्ट गुंडाळलेली सोपटं. खरं खोड मातीखाली, कंदात. तिथून फुलाचा दांडा या सोपटांच्या मधून वर चढतो आणि एक दिवस माथ्यातून केळफूल बाहेर डोकावतं. केळ निसवली. जांभळं पान उचललं जातं, खाली फुलांची ओळ. मग दुसरं, तिसरं. एकेका ओळीची एकेक फणी होते. घड भरू लागतो तशी केळ झुकते; तिला बांबूचा टेकू लागतो. घड उतरला की ती पुन्हा निसवत नाही.

घाव बसतो. आत पाणीच पाणी.

तोडलेली सोपटं वाडीबाहेर जात नाहीत. चिरून तिथेच मुनव्याच्या बुडाशी पसरायची. हा मुनवा त्याच कंदातून फुटलेला. तिचं पाणी, तिचं खत आता त्याचं.

गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन मी लहानपणी पाठ केलं होतं. आमच्या वाडीत गहू नव्हता. अर्थ उमगला तो वडिलांच्या मागे सोपटं उचलताना. आजही मिस्सामध्ये ते वाचन आलं की हाताला तो ओला चीक जाणवतो.

बावखलं बुजली, विहिरी मचूळ झाल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले ते याच मातीसाठी.

आणि हा ऑक्टोबरमधला आगेरा, नव्या पिकाचा सण. भाताच्या नव्या लोंब्या वेदीपुढे आल्या आहेत, शेजारी केळीचे घड. धर्मगुरू आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. लाल लुगड्यातल्या आज्या ओल्या लोंब्या पदरात घेऊन घराकडे निघतात.