लाड करता करता तपासणी

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे, त्यांचा हात दिवसातून कितीदा तरी त्याच्या पाठीवरून फिरतो. आज मला त्या हाताबद्दलच बोलायचं आहे. मी जनावरांचा डॉक्टर. माझ्यापर्यंत येणाऱ्या कितीतरी गाठी, जखमा, सुजलेले कान घरच्या माणसाच्या हाताला खूप आधी लागू शकले असते. कुत्र्यामांजरांना दुखणं सांगता तर येत नाहीच, उलट ती ते लपवतात. मांजर तर इतकं बेमालूम लपवतं, की त्याला उशाशी घेऊन झोपणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. म्हणून केस विंचरायचे, नखं कापायची, कान बघायचे ते जनावर छान दिसावं एवढ्यासाठी नाही. त्या निमित्ताने घरच्या घरी तपासणी होते.

विंचरण्यापासून सुरुवात करू. लांब केसांच्या जनावराला रोज, आखूड केसांच्या जनावराला आठवड्यातून एकदोनदा ब्रश फिरवला तरी चालतं. ब्रशच्या मागोमाग मोकळा हातही फिरवा. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली बोटं घालून बघा. गोचीड बसतात ते नेमके इथेच. गोचीड सापडला तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायचा आणि सावकाश, सरळ वर ओढायचा. त्यावर तेल ओतणं, रॉकेल लावणं, काडी पेटवून चटका देणं, हे काहीही करू नका. पिसवा मात्र चटकन दिसत नाहीत, त्यांची विष्ठा दिसते. केसांत काळे बारीक कण आढळले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती लालसर तांबूस डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त आहे. पिसवांची अंडी आणि अळ्या अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या फटींत असतात. त्यामुळे औषध फक्त अंगाला लावून भागत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं आणि घर कानाकोपऱ्यांसह झाडावं लागतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, पण मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. त्याला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. तीच गत पॅरासिटामोलची. माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली गोळी देण्याचा मोह आवरा. शिवाय या दोघांचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे निरोगी कुत्र्याचं तापमान आहे, आणि मांजराचंही साधारण तेवढंच.

आंघोळीबद्दल फार विचारलं जातं, खरं तर तिचं महत्त्व त्या मानाने कमी आहे. कुत्र्याला वास येऊ लागला किंवा तो चिखलात लोळून आला की घाला. वरचेवर घातली तर कातडी कोरडी पडते. शाम्पू कुत्र्यांसाठी बनवलेलाच हवा, कारण त्यांची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते आणि आपला शाम्पू तिला झोंबतो. केसांतला गुंता आंघोळीच्या आधी सोडवा, पाणी लागलं की तो आणखी आवळतो. आणि गुंता कातडीला चिकटलेला असेल तर कात्री लावू नका. वर ओढलेल्या केसांबरोबर कातडीची घडी कात्रीत येते आणि चांगलीच चिरते.

नखांपाशी जरा थांबू, कारण बहुतेक जण इथेच धास्तावतात. पांढऱ्या नखात आतला गुलाबी भाग दिसतो. तो जिवंत असतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या थोडं अलीकडे कापायचं. काळ्या नखात काहीच दिसत नाही, तेव्हा एकदम मोठा तुकडा न तोडता पातळ चकत्या काढत जा. दर चकतीनंतर नखाचा कापलेला पृष्ठभाग समोरून बघा. आधी तो कोरडा आणि पांढुरका दिसतो. मधोमध काळसर, ओलसर ठिपका दिसू लागला की थांबा. चुकून रक्त आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर त्यावर काही मिनिटं दाबून धरा. एका बैठकीत सगळी नखं कापलीच पाहिजेत असं नाही. दोन झाली, जनावर अस्वस्थ झालं, तर त्याला खाऊ द्या आणि सोडून द्या, उरलेली उद्या. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख तेवढं विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, आणि वळत वळत मांसात शिरतं. म्हाताऱ्या मांजरांची नखंही अशीच पंजाच्या गादीत रुतलेली मी पाहिली आहेत. मांजराचं बोट वरून-खालून हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. फक्त टोक कापा.

कानात कापसाची काडी घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. त्या वळणापलीकडे काडी मळ ढकलत नेते. डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने बाहेरचा, दिसणारा भाग पुसा, तेवढं पुरे. वास, लाली, सतत डोकं झटकणं ही दुखण्याची खूण आहे. आणि मांजराच्या कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ दिसला, तर बहुधा कानातले कीटक झालेले असतात.

दातांकडे जवळजवळ सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होऊन बसतो आणि मग ब्रशने निघत नाही. तोंडाला घाण वास येणं हे कुत्र्यामांजरांचं नैसर्गिक लक्षण आहे, हा समज सोडून द्या. तो बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराचा वास असतो. रोज, निदान एक दिवसाआड, मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू घासा. पेस्ट जनावरांचीच वापरा. ती थुंकत नाहीत, गिळतात, आणि माणसांच्या काही पेस्टमधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ, कुत्र्यासाठी विष आहे. ओठ वर केलाच आहे तर हिरडीचा रंगही बघून घ्या. गुलाबी हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. निरोगी असताना हे दोनचार वेळा करून बघितलं असेल, तर आजारपणातला फरक तुम्हाला लगेच कळेल. काही जनावरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

लस आणि जंताचं औषध यांचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि मग सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस असा क्रम असतो. मधला एखादा डोस चुकवू नका. रेबीजची लस तर घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही द्या. हा आजार एकदा दिसू लागला की जवळपास नक्की मारतो, जनावरालाही आणि माणसालाही. कोणत्याही जनावराने चावा घेतला तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा.

आता मांजराबद्दल थोडं वेगळं. निरोगी मांजर स्वतःच स्वतःला चाटून लख्ख ठेवतं. त्याच्या पाठीवरचे केस अचानक चिकट, कोंडा धरलेले दिसू लागले, तर आळशी झालं असं म्हणू नका. त्याचे सांधे दुखत असतील, तोंड आलं असेल, किंवा वजन वाढून मान मागे पोचत नसेल. जेवण सोडलं तर एका दिवसाच्या पुढे वाट बघू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागतं. आणि बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, ओरडतोय, पण थेंब येत नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एकदोन दिवसांत जीव जातो, म्हणून रात्र असली तरी निघा.

कुत्रा उन्हाने धापा टाकत कोसळला, तर सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तसंच ओल्या अंगाने दवाखान्यात न्या. काही विषारी खाल्ल्याचा संशय असेल, म्हणजे चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा किंवा मांजराच्या बाबतीत लिलीचं फूल, तर लक्षणांची वाट बघू नका. आपल्या मनाने मीठपाणी पाजून उलटी करवू नका. दवाखान्यात आधी फोन करा, किती खाल्लं आणि किती वेळ झाला ते सांगा, आणि उरलेलं वेष्टन किंवा पान सोबत घेऊन निघा.

नमस्कार.